मागचं डावं दार

"धक्का मारता येतो का?"

खोली बघायला गेले तेव्हा मालकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नोकरी कुठे, लग्न झालंय का, अंडी खाता का, रात्री किती वाजता येता, या सगळ्यांची उत्तरं मी तोवर चार घरांच्या दारांत देऊन आले होते आणि पाचव्या घरी काय विचारतील तेही मला पाठ झालं होतं. हे मात्र नवं होतं.

"कशाला?" मी विचारलं.

"गाडीला. माणसांना मारत असाल तर ते मला ऐकायचं नाही."

पुण्यात, वारज्यातल्या त्या चढाच्या गल्लीत, फाटकाबाहेर, उताराकडे तोंड करून एक चौकोनी, चार दारांची गाडी उभी होती. मूळचा रंग पांढरा असावा. मी बॅग कठड्यावर ठेवली, ओढणी कमरेला आवळली आणि मारला धक्का. मी वर्ध्याची. आमच्याकडे काकांचा टेम्पो घरच्या पोरांच्या जोरावरच सुरू व्हायचा, त्यामुळे मला यात कुणी काही शिकवायची गरज नव्हती. गाडी वीसेक पावलं गेली, दोनदा खोकली आणि धडधडायला लागली. मालकांनी खिडकीतून हात बाहेर काढून खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"खोली वर आहे. पाणी सहा ते आठ. उद्या पावणेनऊला खाली या."

आणि गेले की निघून! खोली मी अजून पाहिलीसुद्धा नव्हती.

त्यांच्या मुलीला मी पहिल्यांदा पाहिलं ते त्याच वेळी, धक्का मारताना, मागच्या काचेतून. चाळिशीला आलेली बाई, दोन वेण्या, मांडीवर कापडी पिशवी, आणि डाव्या हाताचा तळवा शेजारच्या दारावर सपाट टेकवलेला. मी काचेला नाक लावून ढकलत होते, घामाघूम झाले होते, पण तिनं मान वळवली नाही. पुढे सगळ्या गल्लीसारखं मीही तिला ताईच म्हणायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना 'काका' म्हटलं. ते थांबले.

"तुमचे वडील माझे भाऊ का?"

"नाही."

"मग मी काका कसा?"

"मग काय म्हणू?"

"काही म्हणायची गरज पडत नाही. समोर आलात की मी बघतोच."

बाप्पा, काय माणूस हा, असं मनात म्हणत मी वर गेले. शेवटी मी त्यांना आमच्याकडच्या रीतीनं मालक म्हणायला लागले आणि त्याला त्यांनी हरकत घेतली नाही. ते मला वर्धेकर म्हणायचे. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण त्याचा उपयोग त्यांनी भाडेकराराशिवाय कुठे केल्याचं मला आठवत नाही.

एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले होते. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेनाच्या जागी स्क्रू ड्रायव्हर, आणि बोटांच्या पेरांत कधीच न जाणारं काळं तेल. गल्लीत त्यांची ख्याती चिक्कट म्हणून होती. दोन मजली घराचा मालक, पेन्शन आहे, आणि सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची गाडी फिरवतो, तीही वापरलेली घेतलेली! कुणी तोंडावर म्हणालंच की नवी का घेत नाही, तर ते म्हणायचे, "ही पूर्ण बिघडायची वाट बघतोय." मग समोरचा हसून जायचा.

खरं कारण मला एका रविवारी कळलं. ते बॉनेटमध्ये डोकं खुपसून काम करत होते आणि मी टॉर्च धरून उभी होते.

"चौदा वर्षांची होईपर्यंत ही घराबाहेर पडली नाही," ते आतूनच म्हणाले. "रिक्षात बसवली की किंचाळायची. बसमध्ये खिडकीच्या दांडीवर डोकं आपटून घ्यायची. एकदा टाके पडले कपाळाला. मग आम्ही नेणंच सोडलं. ही गाडी काही हिच्यासाठी घेतली नव्हती. बायकोला माहेरी न्यायला घेतली होती. गाडी दारात आली, ही आपण होऊन बाहेर आली, मागचं डावं दार उघडून बसली, हात दारावर ठेवला आणि गप्प. कात्रजपर्यंत नेऊन आणली. गप्प." मग डोकं वर काढून म्हणाले, "टॉर्च माझ्या तोंडावर मारू नका, वर्धेकर. कार्बोरेटर खाली आहे."

तेव्हापासून ताई बाहेर जायला लागली ती याच गाडीतून. दुसऱ्या गाड्या दाखवून झाल्या होत्या, भाड्याच्या, नातेवाइकांच्या, नव्या कोऱ्या. ती दाराला हात लावायची आणि काढून घ्यायची. नारायण पेठेत अशा मुलामुलींसाठी एक कार्यशाळा आहे. तिथे ताई कागदी पिशव्या करायची. तिच्या पिशवीची घडी इतकी सरळ की दुकानदार तिच्याच पिशव्या मागून न्यायचे. तिथे तिची खुर्ची होती, तिची डिंकाची बाटली होती, तिच्या शेजारी बसणारी एक मैत्रीण होती. गाडी दोन दिवस बंद पडली तर ताई पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहायची, जेवायला उठायची नाही. ही गाडी कायमची बंद पडली की ताई पुन्हा घरात गेली, इतका साधा हिशेब होता, आणि मालकांना तो रोज सकाळी डोळे उघडल्याबरोबर आठवत असणार.

आणि गाडी तर अशी की काही विचारू नका! थंडीत सुरू व्हायची नाही, उन्हात तापायची. सेल्फ आठवड्यातून चार दिवस गप्प. म्हणून तर भाडेकरू धक्का मारणारा हवा; ताई एकदा आत बसली की उतरत नसे आणि मालकांना स्टिअरिंगवर बसावं लागे. माझ्या आधीचा भाडेकरू अभ्यासात हुशार पण अंगानं बारीक होता, तो तीन महिन्यांत सोडून गेला म्हणे. मालकांच्या डोक्यात पुण्याचा एक वेगळाच नकाशा होता, त्यात फक्त उतार होते. अमक्या दवाखान्याबाहेर उतार आहे, तिथे जाता येतं. तमक्या बँकेबाहेर सपाट आहे, ती बँक बंद केली. नारायण पेठेतही त्यांनी नदीच्या बाजूला उतरणारी एक गल्ली हेरून ठेवली होती आणि कार्यशाळेपासून ती लांब असली तरी गाडी तिथेच लावायचे.

सुटे भाग ते जुन्या बाजारातून आणायचे, तेही त्याच मॉडेलच्या मोडीत निघालेल्या गाड्यांचे. नवा भाग मिळत असला तरी घ्यायचे नाहीत. एकदा मी बरोबर गेले होते. मालक उकिडवे बसून एकेका सायलेन्सरवर स्क्रू ड्रायव्हरनं टकटक करत होते आणि कान लावून ऐकत होते. चौदा-पंधरा झाले असतील. विकणारा कंटाळला.

"आजोबा, सायलेन्सर घेताय का तबला?"

"तबला असता तर तुमच्याकडे आलो नसतो," मालक म्हणाले आणि पुढचा सायलेन्सर उचलला.

मला वाटलं, म्हातारपणीचा चक्रमपणा. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पुढे जे घडलं त्याचं मूळ इथेच आहे.

तिसऱ्या वर्षी मालकांचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. दहा दिवस हॉस्पिटल. सांगलीहून त्यांची बहीण ताईजवळ राहायला आली, तिला सगळे आत्या म्हणत. मालकांशिवाय दुसऱ्या कुणी गाडी चालवलेली ताईला चालत नसे, त्यामुळे दहा दिवस तिचं जाणं बंद. त्यातच पुढच्या महिन्यात गाडीचं पासिंग होतं. इतक्या जुन्या गाडीला दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन दाखवावं लागतं, नापास झाली की भंगारात. मला धडकीच भरली. मी सरळ कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेले. तिथले मिस्त्री वारज्यातल्याच शेतकरी घरातले. शेतावर इमारती उठल्या आणि रस्त्याकडेच्या तुकड्यावर त्यांनी गॅरेज टाकलं. मालकांची गाडी ते लहानपणापासून बघत होते.

"मालकांनी कधी मला नीट हात लावूच दिला न्हाय तिला," मिस्त्री म्हणाले. "आत्ता ते न्हाईत, तवर करून टाकू या, मॅडम. खूश व्हतील."

केलं. किती आनंदानं केलं म्हणून सांगू! सायलेन्सर नवा, सेल्फ नवा, इंजिनाखालची रबरं नवी, दारांची रबरं नवी, सीटमधला फोम नवा. मागच्या डाव्या दाराची काच अर्ध्यात अडकायची, म्हणून मिस्त्रींनी ते दार आतून उघडलं आणि हातावर एक गंजका नट घेऊन मला दाखवायला आले. "ह्यो बगा. किती वर्सं आत पडला व्हता कुणास ठाऊक." काढलेलं सगळं सामान भंगारवाल्यानं नेलं. आठव्या दिवशी मिस्त्रींनी गाडी सुरू केली आणि अभिमानानं माझ्याकडे बघितलं. "आवाज हाय का? न्हाय."

मालक घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी पावणेनऊला ताई पिशवी घेऊन खाली आली. दहा दिवसांनी जायला मिळणार म्हणून वेण्या तिनं पहाटेच घालून घेतल्या होत्या. बसली. दारावर हात ठेवला. मालकांनी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली, मऊ, गुपचूप. मालकांची पाठ ताठ झालेली मला बाहेरून दिसली. गाडी फाटकापासून चार पावलंही गेली नसेल, ताई किंचाळली. असा आवाज मी माणसाच्या तोंडून आधी ऐकला नव्हता. दार उघडून ती चालत्या गाडीतून बाहेर पडली आणि फाटकाच्या खांबावर कपाळ आपटायला लागली. मी आणि आत्यांनी तिला धरलं. माझ्या ओढणीला रक्त लागलं.

तेव्हा मला कळलं. तिला ती गाडी आवाजानं ओळखता येत होती, तळहाताला येणाऱ्या थरथरीनं. मालक वर्षानुवर्षं त्या मोडक्या गाडीचं बिघडलेपण सांभाळत होते आणि मी शहाणीनं ते आठ दिवसांत दुरुस्त करून टाकलं होतं.

ते मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मीच संध्याकाळी खाली गेले, रडत. ते पोटाला पट्टा बांधून खुर्चीत बसले होते.

"मालक, मला माहीत नव्हतं हो."

"मी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "सांगितलं की लोक दया करतात. चिक्कट म्हटलेलं परवडतं." मग पट्टा सरळ करत म्हणाले, "पासिंगला नेऊन आणू आधी. पास होईल, तुमच्या कृपेनं. मग पुन्हा नादुरुस्त करू."

गाडी खरंच पास झाली. आणि मग सुरू झालं ते काम. मिस्त्री बिचारे रोज संध्याकाळी यायचे. नव्या सायलेन्सरला भोक पाडलं, ते मोठं झालं, बुजवलं, पुन्हा पाडलं. इंजिनाखालची रबरं झिजलेली शोधून बसवली, सेल्फची तार सैल केली. मालक गाडी सुरू करायचे आणि वर खिडकीकडे बघायचे. ताई खिडकीत यायची, क्षणभर उभी राहायची आणि तोंड फिरवून आत जायची.

"अजून निरोगी वाटतेय," मालक म्हणायचे.

"अवं मालक, गाडी बिघडवून द्या म्हनून माज्याकडं कोन येत न्हाय."

"लोकांना ते न मागता मिळतं."

मिस्त्री हसले, पण मालक हसले नव्हते. तीन आठवडे झाले होते. ताईचं कपाळ भरून आलं होतं, पण ती पायरीवरसुद्धा बसायची बंद झाली होती. दिवसभर पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. आत्या भरवायच्या तेव्हा दोन घास. मालकांचं वजन तिच्याबरोबर उतरत होतं. मला जेवण जात नव्हतं आणि ऑफिसातल्या मीटिंगमध्ये मी काय बोलायचे ते मला कळत नव्हतं.

मग एका संध्याकाळी मिस्त्रींना तो नट आठवला. दारातला. त्यांनी तो फेकला नव्हता, गॅरेजातल्या डब्यात टाकला होता, आणि त्या डब्यात तसले दोनशे नट होते. मालक ताडकन उठले, पोटावर हात धरून. "दार काढा," म्हणाले.

मागचं डावं दार बिजागरांतून काढलं. मी आणि मिस्त्रींनी ते उचलून घरात आणलं, ताईच्या पलंगाला लावून उभं धरलं. मालक खाली जमिनीवर बसले. डब्यातला एक नट त्यांनी दाराच्या वरच्या फटीतून आत सोडला आणि दार दोन्ही हातांनी हलवायला लागले. हळूच, रस्त्यावर हलतं तसं. "निघालो," म्हणाले. "आता उतार. आता कर्वेनगर. इथे खड्डा." आतला नट इकडून तिकडे गेला, टक्क वाजला. ताई भिंतीकडेच बघत होती. नट काढला, दुसरा टाकला. "निघालो. आता उतार. आता कर्वेनगर." तिसरा. चौथा. मिस्त्री दारामागे मान खाली घालून उभे होते. आत्या स्वयंपाकघरातून बघत होत्या आणि पदर तोंडावर घेतला होता. कितवा नट होता मला आठवत नाही, अकरावा असेल, बारावा असेल. मालक "आता लकडी पूल" म्हणाले आणि पलंगावरून ताईचा हात आला. तळवा दारावर सपाट टेकला. मालक हलवत राहिले. नारायण पेठ आली तरी थांबले नाहीत. तोच नट होता की दुसरा, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी ताई गाडीत बसली.

मला वाटलं, संपलं एकदाचं. मालकांना तसं वाटलं नव्हतं. आठवड्याभरानं ते जिन्यात थांबले.

"वर्धेकर, गाडी चालवता येते?"

"नाही हो."

"उत्तम. म्हणजे चांगल्या सवयी नसतील. दहा दिवस मी पडून होतो, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. गाडी मेली तर मी काहीतरी करीन. दार खोलीन, नट टाकीन. मी मेलो तर?"

मी हातातली पिशवी पायरीवर ठेवली. "तुम्हाला बांधून घालत नाही," ते म्हणाले. "नोकरी बदलाल, लग्न कराल. पण मी सोडून आणखी एका माणसाबरोबर ती जाते, एवढं मला बघायचंय. एक जमला की दुसरा जमवता येतो."

सहा महिने त्यांनी मला शिकवलं. मी ऑफिसात सांगून तेवढे महिने घरून काम मागून घेतलं. रोज दुपारी, ताई कार्यशाळेत असताना, तोच रस्ता, वारजे ते नारायण पेठ आणि परत. पहिल्याच दिवशी म्हणाले, "बरोबर कसं चालवायचं ते कुठलाही क्लास शिकवतो. तुम्ही माझ्या चुका शिका." दुसरा गिअर टाकताना ते क्लच किंचित लवकर सोडायचे आणि गाडीला हिसका बसायचा, तो हिसका मला यायला महिना लागला. पुलाआधी ते ब्रेक दोनदा दाबायचे, एकदा उगाचच. कर्वे पुतळ्यापाशी वळण मोठं घ्यायचे. मी चुकून सफाईदार वळण घेतलं की स्टिअरिंगवर बोटानं टकटक करायचे. "फार चांगलं झालं. पुन्हा."

एका सिग्नलला म्हणाले, "इथे मी खोकतो."

"तुम्हाला खोकला आहे म्हणून!"

"आता तुम्हालाही आहे."

कधी कधी मला संताप यायचा. म्हटलं, कुठे येऊन पडले मी, आईबाप तिकडे वर्ध्याला, पोरगी इकडे आयटीत नोकरी करते म्हणून सांगतात आणि पोरगी खोकायला शिकतेय. दोनदा मी किल्ली त्यांच्यासमोर आपटून वर गेले होते. दुसऱ्या दिवशी पावणेनऊला ते खाली उभे असायचे, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं, आणि मी धक्का मारायचे.

मग तो दिवस आला. आदल्या रात्री मला झोप लागली नव्हती. सकाळी ताई खाली आली, मागे बसली, दारावर हात ठेवला. मी पुढे बसले. मालक फाटकात उभे राहिले, मिस्त्रींनी धक्का मारला. मी उतार उतरले, हिसका दिला, खड्ड्यात घातली, सिग्नलला खोकले, पुलाआधी दोनदा ब्रेक. मागे शांत. नारायण पेठेतल्या त्या गल्लीत ताई उतरली, पिशवी घेतली आणि रोजच्यासारखी चालायला लागली. मी तिला पोचवलं, गाडीत परत येऊन बसले आणि मोठ्यानं हसले, एकटीच.

घरी आले तर मालक फाटकातच होते. दीड तास उभे होते म्हणे.

"गेली मालक! काही त्रास नाही. एकदम शांत."

"किंचाळली नाही?"

"नाही हो."

"निघताना मी इथे उभा होतो. मागे वळून पाहिलं का तिनं?"

मी उत्साहात होते. मला जरा थांबायला हवं होतं, पण तेवढी अक्कल असती तर. "नाही, एकदाही नाही," मी म्हटलं.

"उत्तम," मालक म्हणाले. मग ते पायरीवर बसले आणि रडले. तोंड झाकलं नाही, काही नाही. तीन वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी शेजारी बसले. मग म्हणाले, "हेच हवं होतं मला. तुम्ही उगाच वाईट वाटून घेऊ नका."

त्यानंतर त्यांनी गाडी चालवली नाही. मी दुपारपाळी मागून घेतली, ताईला सकाळी सोडायचे आणि आणायला मिस्त्री जायचे; तेही खोकायला शिकले. मालकांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा रिकामे दिवस मिळाले आणि त्यांचं काय करायचं ते त्यांना कळेना. मग ते बसनं फिरायला लागले. आपली गाडी सोडून दुसऱ्या वाहनात ते इतक्या वर्षांत क्वचितच बसले होते. मिळेल ती बस धरायची, खिडकीशी बसायचं, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. एकदा वाघोलीला जाऊन आले. "शेतं होती तिथे," म्हणाले. "आता कॉलेजं आहेत. सगळीकडे पोरं." एवढाच वृत्तान्त. मी विचारलं, मजा आली का? म्हणाले, "बस फार गुळगुळीत चालते."

आठ महिने ते असे फिरले. मग एका दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत.

घर माणसांनी भरलं. कुठले कुठले नातेवाईक आले, इतकी वर्षं एकही जण फिरकला नव्हता. ताई तिच्या खोलीत बसून होती. तिला बाहेर आणून शेवटचं दर्शन घ्यायला लावलं, तिनं बघितलं आणि परत जाऊन बसली. रडली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. "बरंय बिचारीला, काही कळत नाही," असं बायका एकमेकींना सांगत होत्या, तिच्यादेखत. मी तिच्या खोलीचं दार ओढून घेतलं. आत्या आता कायमच्या राहणार होत्या, तसं भावाला त्यांनी आधीच कबूल केलं होतं.

चौथ्या दिवशी पावणेनऊला ताई बाहेर आली. वेण्या घातलेल्या, हातात पिशवी. अंगणात सतरंजीवर बसलेल्या माणसांच्या मधून चालत गेली आणि गाडीत बसली.

"अगं, आज कुठे निघाली ही?" कुणीतरी म्हणालं. "घरात सुतक आहे. दहावासुद्धा झाला नाही बापाचा."

मी किल्ली आणायला आत गेले. दारात दोन-तीन जणी आडव्या आल्या. मी म्हटलं, "तुम्ही दहा दिवसांनी गावी जाल. तिला रोज जायचंय." आत्यांनी त्यांना बाजूला केलं.

मिस्त्रींनी धक्का मारला. उतार संपला, मी दुसरा गिअर टाकला, गाडीला हिसका बसला. आणि मागून ताई म्हणाली, "बाबा."

हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. मग ती रडायला लागली, मोठ्यानं, हमसून हमसून, तीन दिवस त्या घरात कुणाला जे दिसलं नव्हतं ते सगळं. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता. ते ऐकायला मालक हवे होते हो, एवढंच मला वाटत होतं, एवढं एकदा त्यांनी ऐकायला हवं होतं. माझ्या डोळ्यांना पुढचं नीट दिसेना. गाडी बाजूला घ्यावी, मागे जाऊन तिला जवळ घ्यावं असं दोनदा मनात आलं. पण थांबले तर ती घाबरली असती. नारायण पेठ येईपर्यंत ती रडत होती, आणि मी पुढे बघून गाडी चालवत होते. मला तेवढंच शिकवलेलं होतं.